शुद्ध दारूची खूण

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या चौकात भाजीच्या गाडीपाशी उभे राहून पुंडलिकराव भाजीवाल्याला सांबार शिळा कसा ओळखावा ते शिकवत होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शिकवायची खोड गेली नव्हती. कोथिंबिरीची पानं देठाशी काळी पडली म्हणजे सांबार कालचा, हे ते तिसऱ्यांदा सांगत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "तळेगावचे विज्ञानाचे सर ना जी तुम्ही? आवाजावरूनच ओळखलं." वळून पाहतात तो पस्तिशीच्या आतबाहेरचा एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा, आणि एक हात शेजारच्याच्या खांद्यावर. "मी धर्मेंद्र जी. दहावीले होतो तुमच्यापाशी. हा माहा लहान भाऊ, रोशन." पुंडलिकरावांना बरं वाटलं. जुने विद्यार्थी भेटतात, पाया पडतात, याचं त्यांना अजून अप्रूप होतं. धर्मेंद्र वाकला, त्याने हात पुढे केला, आणि तो हात सरांच्या चपलेपासून वीतभर लांब, भाजीच्या गाडीच्या चाकाला लागला. चाकाला लागलेली बोटं त्याने भक्तिभावाने कपाळाला लावली. भाजीवाला हसला. पुंडलिकराव पाय पुढे सरकवावा की नाही या विचारात तसेच उभे राहिले.

"डोळ्याले काय झालं बापा?" त्यांनी विचारलं. वर्गाबाहेर ते गावाच्याच बोलीत बोलत.

"गेले जी. दोन वर्सं झाले. पोळ्याच्या करीले घेतली होती थोडीशी. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाह्यतो तं समोर सगळा कापूसच कापूस. संध्याकाळी कापूस बी गेला."

"मंग ते दारूनंच—"

"नाई जी!" धर्मेंद्र हसला. सर परीक्षा घेताहेत आणि आपल्याला उत्तर येतं, असं ते हसू होतं. "दारू तं शुद्ध होती. जाळून पाह्यली ना, तुम्ही सांगितल्यापरमानं. निळी ज्योत तं शुद्ध, पिवळी तं भेसळ. एकदम निळी होती. आमच्या गावी तुमचं दारूवरचं व्याख्यान झालं तवा मी मांगं लिंबाखाली उभा होतो, पन ध्यानात ठेवलं. हे बायकोनं केलं जी. त्याच्या आंधी मले कावीळ झाली होती. बरसातीत गावचं पानी खराब झालतं, पाच-सहा जनाले झाली. तिनं वैदूची पुडी आनून दह्यातून देल्ली. त्याच्यातच मिसळलं तिनं काईतरी."

"सपना वयनीनं," रोशन म्हणाला. "तुमाले आठवत असन सर. त्या दिवशी व्याख्यानात तिनंच तं उठून इचारलं होतं, चांगली-वाईट कशी ओळखाची म्हून."

"तवापासूनच डोक्यात असन तिच्या," धर्मेंद्र म्हणाला.

मग त्याने राहिलेलं सगळं सांगून टाकलं, विचारायची वाट न पाहता. तिला हाकलून दिलं. सेवाग्रामला दवाखान्याच्या बाजूला एका खानावळीत ती भाकरी थापते म्हणतात. पोरगी आपल्याकडेच ठेवून घेतली, रुचिका, सात वर्षांची आहे. तिला बजावून ठेवलंय की तुझी माय जहर घालते, तिच्या हातचं काही खायचं नाही. आज अपंगाच्या सर्टिफिकिटासाठी वर्ध्याला आलो होतो. "तुमच्यासारखे सर मंग भेटले नाई जी," असं म्हणून त्याने पुन्हा एकदा हवेत नमस्कार केला आणि दोघं भाऊ गर्दीत निघून गेले.

पुंडलिकराव सांबार न घेताच घरी आले, हे त्यांना दारात बायकोने विचारल्यावर कळलं. शकुंतलाबाईंनी वरणाला फोडणी घालायचं थांबवून ठेवलं होतं. त्या काय बोलल्या ते त्यांना ऐकू आलं नाही. खुर्चीत बसून ते समोरच्या भिंतीकडे पाहू लागले आणि भिंतीवर त्यांना नऊ वर्षांपूर्वीचं ते गाव दिसलं. आष्टीकडचं, दीडशे उंबऱ्यांचं. शाळेचं पटांगण, सतरंजीवर बचत गटाच्या बाया, आणि पुरुष मागे लिंबाखाली उभे, निघायचं झालं तर निघता यावं म्हणून. व्यसनमुक्तीचा सप्ताह होता. पुंडलिकरावांनी कागदाच्या लगद्याची दोन लिव्हर स्वतः बनवली होती, एक तांबडं गुळगुळीत आणि एक करडं, गाठीगाठीचं. ती दोन्ही पेटीत घालून ते मोटरसायकलवर गावोगाव हिंडत. पंचवीस मिनिटं ते लिव्हरविषयी बोलले. लिव्हर शरीरातला कसा एकमेव अवयव आहे जो कापला तरी वाढतो, दूषित पाण्याच्या काविळीत तो कसा सुजतो, त्या सुजलेल्या लिव्हरवर दारू म्हणजे काय. बाया जांभया देत होत्या. लिंबाखालचे चारजण निघून गेले होते. सरपंच मोबाइलमध्ये. पुंडलिकरावांना आतून संताप येत होता. आपण एवढं जीव तोडून सांगतो आणि या लोकांना त्याचं काही नाही, या संतापाला त्यांनी त्या वेळी समाजसेवेची तळमळ असं नाव दिलं होतं.

तेव्हा ती उठली. कोण ते त्यांना आठवत नव्हतं, आता रोशनने सांगितलं म्हणून ती सपना. नवी नवरी, हिरवा चुडा, डोक्यावरचा पदर सावरत उठली आणि म्हणाली होती, "सर, घरचा मानूस आयकतच नाई. सोड म्हटलं तं सोडत नाई. तं निदान चांगली कोनती अन् जहरी कोनती, एवढं तरी सांगून ठेवा आमाले." बाया खुदकन हसल्या. सरपंचाने मोबाइलमधून मान वर केली. खरं तर या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते पुंडलिकरावांना येत होतं: बाई, घरात ते ओळखता येत नाही, कोणालाच येत नाही. पण माहीत नाही असं उत्तर देणारा मास्तर त्यांनी आयुष्यात कधी खपवून घेतला नव्हता, स्वतःतला तर नाहीच. त्यांनी पेटीतून स्पिरिटची बाटली काढली, झाकणात थोडं ओतलं, काडी ओढली आणि म्हणाले, "ज्योत निळी तर शुद्ध. पिवळी, धूर सोडणारी, तर भेसळ." निळी ज्योत उठली. टाळ्या पडल्या. लिंबाखालून निघून गेलेले चारजण परत आले, अजून दहा घेऊन. "अजून एकबार दाखवा न सर!" त्या दिवशी पुंडलिकरावांना पहिल्यांदा कळलं की लोक ऐकतात तेव्हा कसं वाटतं. पुढच्या गावी त्यांनी प्रश्नाची वाटही पाहिली नाही. लिव्हरची पंचवीस मिनिटं दहावर आली आणि शेवटी काडी. तीस-चाळीस गावं झाली असतील. कार्यक्रमपत्रिकेवर "प्रात्यक्षिकासह" असं छापून येऊ लागलं.

आणि ही खूण खरी नाही हे त्यांना माहीत होतं. अजाणता झालं असतं तर आज खुर्चीत एवढं घट्ट बसून राहायची वेळ आली नसती. बीएस्सीला असताना प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःच्या हाताने मिथेनॉल पेटवलं होतं, कारखान्यात वापरतात तो जहरी स्पिरिट. एक चमचा पोटात गेला तरी डोळे जातात, थोडा जास्त गेला तर माणूस. तो जळतो निळा. इतका स्वच्छ निळा की उजेडात दिसतसुद्धा नाही, आणि चांगल्या दारूच्या ज्योतीलाच उलट वर पिवळी कड असते. म्हणजे त्यांनी सांगितलेली खूण नुसती चुकीची नव्हती, ती उलटी होती. ज्याने ती मनापासून पाळली त्याने चांगली ओतून दिली असेल आणि जहर ठेवून घेतलं असेल. टाळ्या वाजत असताना हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पुढचं वाक्य बोलायचं होतं, "पण यावर विसंबू नका." पण सरपंच आभार मानायला उठले, चहा आला, आणि नंतरच्या गावांत ते वाक्य त्यांना आठवेनासं झालं. आठवेनासं झालं की त्यांनी आठवू दिलं नाही, याचा निवाडा ते खुर्चीत बसून करत होते आणि प्रत्येक वेळी तो त्यांच्या बाजूने लागत होता.

"कोन मेलं?" शकुंतलाबाईंनी ताट समोर ठेवत विचारलं. त्यांनी अर्धंमुर्धं सांगितलं. ज्योतीचं सांगितलं, पुढचं वाक्य गाळल्याचं नाही. शकुंतलाबाई त्यांच्यासोबत पस्तीस वर्षं राहिलेल्या बाई, गाळलेलं त्यांना बरोबर कळायचं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही काय त्याच्या घशात ओतली का? अन् आता सांगून डोळे येनार हायत का त्याचे वापस? जेवून घ्या." पुंडलिकराव जेवले. जेवण गेलं, याचीच त्यांना भीती वाटली. डोळे परत येणार नव्हते हे खरं होतं. पण ती बाई? ती पोरगी, जिला आईच्या हातचं खाऊ नको म्हणून शिकवलं होतं? त्यांच्या एका वाक्याने सपनावरचा जहराचा डाग धुवून निघाला असता. ते वाक्य अगदी साधं होतं: चूक माझी. आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाईने हेच लिहीत आले होते, फक्त "तुझी" असं.

तीन दिवस ते वाक्य त्यांनी तोंडात घोळवलं. दाढी करताना घोळवलं, नळाखाली बादली भरताना घोळवलं. कधी ते फार नाटकी व्हायचं, कधी त्यात "त्या काळी" आणि "परिस्थितीनुसार" असे शब्द घुसायचे. मध्येच त्यांना वेगळंच आठवायचं. त्या भागातल्या शाळेचा तानबा नावाचा एक म्हातारा शिपाई दोन वर्षांपूर्वी त्याच पोळ्याच्या सुमाराला गेला होता, हृदयविकाराने म्हणून सांगितलं होतं, आणि पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून दुपारच्या आत सरण उरकूनही टाकलं होतं. या जिल्ह्यात दारूबंदी आहे. इथे दारूने कोणी मरत नाही. सगळे हृदयविकाराने, पोटदुखीने, नाही तर करणीने मरतात. जी दारू कागदावर नाहीच, तिच्यात जहर आहे की नाही हे तपासायचं कोणी? ते काम पुंडलिकरावांनी आगपेटीवर सोपवलं होतं. तानबानेही काडी ओढून पाहिली असेल का? काडी ओढून पाहणारे आणखी किती असतील? हा प्रश्न आला की ते उठून बागेला पाणी घालायला जात. बाग म्हणजे चार कुंड्या होत्या.

गुरुवारी दुपारी ते ऑटोत बसून सेवाग्रामला गेले. दवाखान्याच्या बाजूच्या गल्लीत खानावळी ओळीने होत्या, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. तिसऱ्या खानावळीत चुलीपाशी ती बसली होती. त्यांनी ओळखली नसती. तिने ओळखलं. पिठाचे हात तसेच ठेवून ती उठली, डोक्यावर पदर नव्हता तरी तो सावरल्यासारखं केलं आणि वाकून पायाला हात लावला, नेमका पायालाच. चपलेवर पिठाची बोटं उमटली. "बसा जी सर. जेवाचे राह्यले असान." नको म्हणायच्या आत तिने ताट मांडलं. दुपारची गर्दी ओसरली होती, कोपऱ्यात एक म्हातारा भिंतीला टेकून डुलक्या घेत होता. ती समोर जमिनीवर बसली आणि गरम भाकरी ताटात टाकली.

"धर्मेंद्र भेटला होता," पुंडलिकराव म्हणाले.

"मंग सांगितलंच असन त्यायनं." ती रागावली नाही. "जहर म्या नाई देल्लं सर. पुडी वैदूचीच होती, पोरीले बी कावीळ झालती, तिले बी तेच देल्ली, ते बरी झाली. करीच्या दिवशी त्यायनं बाटली आनली. म्या म्हटलं, आत्ताच कावीळीतून उठले, पिऊ नका. आयकेनात. मंग म्या म्हटलं, निदान सरायनं सांगितल्यावानी पाहू तरी द्या. झाकनात ओतली अन् म्याच काडी ओढली. निळी होती सर. म्या सोता पाह्यली. मंग म्याच म्हटलं, प्या."

पुंडलिकरावांनी घास उचलला होता तो ताटात ठेवला.

"दुसऱ्या दिवशी डोळे जाऊन राह्यले म्हून इकडंच आनलं. डॉक्टरीनबाईनं तीनदा इचारलं, काई घेतलं का यायनं, खरं सांगा, टाइम हातात हाय, इलाज होऊ शकते. सासू म्हने, आमच्या घरात कोनी शिवत बी नाई. डॉक्टरीनबाईनं माह्याकडं पाह्यलं. म्या मान खाली घातली." ती आपल्या हाताकडे पाहत होती. "मले वाटलं, दारू तं शुद्धच होती. म्या पाह्यली होती ना. मंग ते सांगून उगाच पोलिसाचं लचांड कायले लावून घ्याचं. म्या बोललीच नाई. त्याच्या दुसऱ्या दिवशी रक्ताच्या तपासनीत दारूतलं जहर निघालं, तवर डोळे गेले होते. घरच्यायले ते पटलंच नाई. म्हने, दारू निळी होती, हे कारस्थान पुडीचं हाय."

म्हणजे एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा ज्योतीने बाटली शुद्ध ठरवली आणि दुसऱ्यांदा, डॉक्टर विचारत असताना, हिचं तोंड बंद केलं. त्या दिवशी वेळेत हिने एक शब्द काढला असता तर बहुधा डोळे वाचले असते. तो शब्द त्यांनी नऊ वर्षांपूर्वी, टाळ्यांच्या मोबदल्यात, तिच्याकडून काढून घेतला होता. आता बोलायचं. "सपना," ते म्हणाले, "मले तुले एक सांगाचं हाय."

"मले बी तुमाले इचाराचं होतं जी. दोन वर्सं झाले, कोनाले इचारू समजत नव्हतं. बरं झालं तुम्ही आले." ती थोडी पुढे सरकली. नऊ वर्षांपूर्वी सतरंजीवरून उठली होती तशीच आतुर झाली. "तवा घरात लाइट चालू होता सर. ट्यूबलाइट. उजेडात ज्योत बराबर दिसत नाई ना? त्याच्यात पिवळी असन अन् मले दिसली नसन, असं झालं असन का?"

त्यांच्या तोंडातलं वाक्य तयार होतं. तीन दिवस घोळवून गुळगुळीत झालेलं. आणि समोर ही बाई, त्यांना निसटायला दार उघडून धरलेली, तेही त्यांच्यावरच्या विश्वासाने. हो म्हटलं की नऊ वर्षं, तीस-चाळीस गावं, तानबा आणि लिंबाखालून परत आलेले ते चारजण, सगळं जागच्या जागी बसत होतं. खूण बरोबर, बघणारा चुकला. विज्ञानात असं होतंच. त्यांना स्वतःची किळस आली आणि त्याच क्षणी फार हलकं वाटलं.

"प्रयोग अंधारात करायचा असतो," ते म्हणाले. आपण वर्गातल्या भाषेत बोलू लागलो हे त्यांच्या ध्यानात आलं, पण आता ती भाषा थांबेना. "मी तेव्हा तसं सांगितलं असेल. प्रखर प्रकाशात निरीक्षण चुकतं. पिवळी छटा डोळ्यांना जाणवत नाही."

"सांगितलं असन जी. माह्याच ध्यानात नाई राह्यलं." तिने मान हलवली. वही परत घेऊन आपली चूक पाहणारी मुलगी हलवते तशी. तिला रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही. बऱ्याच दिवसांचा हिशोब लागावा तसा तिचा चेहरा सैल झाला.

"म्हंजे माहीच चूक होती."

पुंडलिकरावांनी ताटातली भाकरी मोडली.

"सोमवारी वकीलबाईकडं जानार होती जी मी," ती म्हणाली. "पोरीसाठी. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं गाठ घालून देल्ली. वकीलबाई म्हने, तुहा काई गुन्हा नाई, पोरगी तुलेच भेटन." तिने पिठाची परात जवळ ओढली आणि नवा उंडा घेतला. "आता कोन्या तोंडानं जाऊ? उद्या रुचिका मोठी होईन, इचारन. बापाचे डोळे माह्या हातानं गेले अन् वरून तिले बी घेऊन आली, असं तिले काऊन वाटू द्याचं. राहू दे तिले बापापाशीच. त्याले तरी कोनी पाह्यजे ना, हात धराले."

उंडा तिच्या तळव्यांत फिरत होता, थापट्या पडत होत्या, कडा बारीक होत होती. कोपऱ्यातला म्हातारा जागा होऊन पाणी मागत होता. अजूनही वेळ होता. तवा तापेपर्यंत वेळ होता, भाकरी उलटेपर्यंत होता. पुंडलिकरावांनी पाण्याचा पेला उचलला, रिकामा केला, खाली ठेवला.

"तुम्ही आले, बरं झालं सर," सपना म्हणाली. "नाई तं चुकीच्या मनानं गेली असती मी." भाकरी फुगली. तिने ती चिमट्याने उचलून त्यांच्या ताटावर धरली. "वाढू ना?"

"अर्धी," पुंडलिकराव म्हणाले.